व्याधाचा सोबती बघायचाय?

व्याध (सिरियस) हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा सोबती तारा ८.४ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे एरवी छोट्या दुर्बिणीतही दिसावा असा. घात करते ती व्याधाची झळाळी. दोघांचा एकमेकांभोवतीचा फेरा ५० वर्षांचा. सध्या आकाशात दोघांमधलं अंतर ११ आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास, म्हणजे जवळपास कमाल. तेव्हा आत्ताच बघून घ्या. फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास व्याध महाराष्ट्रातून क्षितिजापासून ५५ अंशांवर येतो (युरोपातल्यांना हे सुख नाही). दुर्बीण तासभर आधी गच्चीवर गार होऊ द्या. आधी मृगातल्या रायजेल ताऱ्याचा सोबती शोधा. तोही दिसत नसेल तर त्या रात्री हवा चंचल आहे, नाद सोडा. दिसला तर वर्धन २००-२५० पट ठेवून ताऱ्याचा माग ठेवणारी दुर्बिणीची मोटर बंद करा आणि व्याधाला दृश्याच्या पश्चिम कडेबाहेर सरकू द्या. सोबती पूर्वेकडे असल्याने क्षणभर मागे राहतो. तेवढ्यात टिपायचा.