क्लिनिकमधल्या कार्ड मशीनचा खरा दर असा काढा

मशीन देताना बँक ‘दोन टक्के’ सांगते, पण दातांच्या दवाखान्यातून महिनाअखेरीस त्याहून जास्त जातात. खरा आकडा असा काढा:

१. मशीनच्या मासिक रिपोर्टमधून कार्डाने घेतलेली एकूण रक्कम घ्या. समजा, २,००,०००.

२. त्यातले बँकेत किती जमा झाले ते पाहा. २ टक्के कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी गेला, की उरतात १,९५,२८०. दातांच्या बहुतेक उपचारांवर जीएसटी नसतो, त्यामुळे भरलेला हा जीएसटी वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरा.

३. मशीनचं भाडं बहुधा खात्यातून वेगळं कापलं जातं, ते मिळवा. ५०० धरलं तर एकूण ५,२२०, म्हणजे २.६१ टक्के.

रूट कॅनाल, कॅपसारखी मोठी बिलं क्रेडिट कार्डावर आली की फटका मोठा. बँक खात्यातून केलेलं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर कमिशन शून्य आहे, तेव्हा क्यूआर कोड काउंटरवर दर्शनी ठेवा. नो-कॉस्ट ईएमआय देत असाल तर त्याचं व्याज कोण भरतंय तेही करारात बघून घ्या, बऱ्याचदा डॉक्टरच!

मात्र डेबिट कार्डावरचं कमिशन पेशंटच्या बिलात लावू नका, रिझर्व्ह बँकेची त्याला मनाई आहे.