दवबिंदू घरात टिकत नाही? या चुका टाळा

घरातला दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा हे कीटकभक्षी रोप, किडे मिळाले नाहीत म्हणून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा त्याला मारतं ते आपणच घातलेलं पाणी.

पाणी

ही वनस्पती मुळात निकस, ओलसर जमिनीतली. नायट्रोजन ती पानांवर चिकटलेल्या किड्यांतून मिळवते, मुळांना क्षार सोसत नाहीत. नळाचं, त्यातही बोअरचं पाणी घालत राहिलं की क्षार कुंडीत साठतात. आधी मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट खर दिसते, मग पानांची टोकं काळी पडतात आणि रोप मान टाकतं.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत हवा. उकळून उपयोग नाही, बरेचसे क्षार तसेच राहतात. घरच्या आरओवरही डोळे झाकून विसंबू नका. अनेक यंत्रं चवीसाठी क्षार परत मिसळतात. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, मोजूनच घाला. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, मग पागोळ्यांखाली नव्हे तर उघड्यावर प्लास्टिकची बादली ठेवा आणि पाणी झाकणाच्या कॅनमध्ये साठवा.

नळाचं पाणी आधीच घातलं गेलं असेल तर कुंडी बशीतून काढून वरून लिटर-दीड लिटर कमी टीडीएसचं पाणी हळूहळू ओता, पूर्ण निथळू द्या. खर जाड असेल तर सरळ माती बदला.

माती आणि कुंडी

लाल माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको. खत न मिसळलेलं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाईट (हलके पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात घ्या. कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायचं असेल तर कमी टीडीएसच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून पिळा, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस ५० च्या खाली येईपर्यंत. कुंडी प्लास्टिकची, निदान १० सेंमी खोल. बशीत १ ते २ सेंमी पाणी कायम असू द्या.

पानांवर चिकट थेंबच नाहीत

नवं रोप असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबा. त्यानंतरही पानं कोरडी, फिकट आणि लांबुडकी राहिली तर उजेड कमी पडतोय. पूर्वेची खिडकी द्या, नाहीतर पांढरा एलईडी २० ते २५ सेंमीवर रोज १२ ते १४ तास. पानांवर पाणी फवारू नका, असलेला चिकटा धुऊन जातो. बंद काचेची बरणी उन्हात ठेवली तर रोप आत अक्षरशः शिजतं.

खाऊ घालताना

मटण, पनीर अजिबात नको. पंधरा दिवसांतून एकदा दोन-तीन पानांना प्रत्येकी एक डास किंवा चिलट पुरे. ड्रोसेरा कॅपेन्सिस या जातीच्या पानावर डास ठेवून पाहा: आधी तांबूस केसरं त्याच्यावर वाकतात, मग काही तासांत पानच त्याच्याभोवती दुमडतं. पानापेक्षा मोठा किडा दिला तर बुरशी येते. तेवढंच पान कापा.

जात निवडताना

सुरुवात दक्षिण आफ्रिकेच्या कॅपेन्सिसनेच करा, तो वर्षानुवर्षं टिकतो. कास पठारावर दिसणारे ड्रोसेरा इंडिका आणि बर्मानी तिथून उपटून आणू नका, हे कळकळीचं सांगणं. या दोन्ही जाती बहुधा एका हंगामाच्या. बी धरलं की वाळतात, त्यात तुमची चूक नसते. रोपवाटिकेतून घेतलेल्या रोपाचं बी धरून ठेवा. पेरताना ओल्या पीट मॉसवर नुसतं भुरभुरा, वर माती टाकू नका, कारण उगवायला त्याला उजेड लागतो.