स्लोव्हेन लोकांचा आणि त्यांच्या भाषेचा इतिहास कसा अभ्यासावा

युरोपातील एखाद्या देशाचा इतिहास वाचायला घेतला की आपण सहसा राजे, लढाया आणि तह यांच्या क्रमाने जातो. आजच्या स्लोव्हेनिया देशातील स्लोव्हेन लोकांच्या बाबतीत ही पद्धत फार काळ चालत नाही, कारण मध्ययुगापासून 1918 पर्यंत त्यांचा बहुतांश प्रदेश परक्या राजघराण्यांच्या, मुख्यतः हॅब्सबर्गांच्या ताब्यात होता आणि स्वतःचे सार्वभौम राज्य त्यांना 1991 मध्ये मिळाले. म्हणून त्यांच्या लिहिलेल्या आणि छापलेल्या मजकुरांचा माग धरून राजकीय घटना त्याभोवती लावाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन.

वाचनाआधी एक नकाशा आणि वही घेऊन प्रत्येक गावाची दोन-दोन नावे लिहून ठेवावीत. जर्मन ग्रंथांतील लायबाख म्हणजे आजची राजधानी लुब्लियाना, क्लागेनफुर्ट म्हणजे त्सेलोवेत्स, फिलाख म्हणजे बेल्याक. इटालियन ग्रंथांतील ट्रिएस्ट म्हणजे तर्स्त आणि गोरिझिया म्हणजे गोरित्सा. शिवाय 1918 पूर्वीच्या नकाशावर स्लोव्हेनिया नावाचा प्रांत सापडणार नाही. कार्निओला, स्टिरिया, कारिंथिया, गोरिझिया, ट्रिएस्ट आणि इस्त्रिया या ऑस्ट्रियन प्रांतांत, तसेच हंगेरीच्या अमलाखालील प्रेकमुर्ये भागात हे लोक विभागलेले होते. जुन्या लेखनात त्यांना ‘कार्निओलन’ किंवा ‘विंडिश’ असेही म्हटलेले असते, म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत शोध घेताना केवळ आजच्या नावावर विसंबू नये.

सुरुवात फ्रायझिंग हस्तलिखितांपासून करावी. आल्प्सच्या पूर्व भागात स्लाव्ह टोळ्या सहाव्या शतकात वसल्या, पण त्यांच्या बोलीचा सलग लेखी पुरावा दहाव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या या तीन छोट्या मजकुरांत मिळतो. रोमन लिपीत लिहिलेल्या कोणत्याही स्लाव्ह भाषेचे हे सर्वांत जुने सलग लेखन होय. एका लॅटिन पोथीत धर्मोपदेशकाच्या वापरासाठी ते उतरवून घेतले गेले आणि ती पोथी आज म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. पहिला आणि तिसरा मजकूर पापकबुलीचे नमुने आहेत, तर दुसरा प्रवचन आहे. आपल्या आदिपुरुषाने पाप केले नसते, तर तो म्हातारपण न येता सर्वकाळ जगला असता, अशी त्या प्रवचनाची सुरुवात आहे. भाषांतरासोबत मूळ ओळही समोर ठेवून वाचावी, कारण लॅटिन अक्षरांत स्लाव्ह ध्वनी बसवताना लेखकाची झालेली ओढाताण तिथेच दिसते.

त्याआधीच्या कारांतानिया या सातव्या-आठव्या शतकातील राज्याची माहिती थोडक्यात करून घ्यावी, मात्र तिथे जरा जपून. तेथील शासकाचा स्थापनाविधी स्लोव्हेन बोलीत होत असे आणि ही प्रथा पुढच्या जर्मन सरदारांनीही काही शतके पाळली, ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे. परंतु त्यावरून ‘आधुनिक लोकशाहीचे मूळ इथे’ असे निष्कर्ष काढणारे, किंवा स्लोव्हेन लोकांना प्राचीन व्हेनेती जमातीचे थेट वंशज ठरवणारे लेखन अभिमानापोटी झालेले असून भाषाशास्त्रज्ञ व्हेनेती सिद्धान्त मान्य करत नाहीत.

सर्वाधिक वेळ सोळाव्या शतकाला द्यावा. प्रिमोझ त्रुबार या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने मायदेश सोडावा लागल्यावर 1550 मध्ये जर्मनीत धर्मप्रश्नोत्तरी आणि अक्षरओळखीचे पुस्तक छापून घेतले. ही स्लोव्हेन भाषेतील पहिली छापील पुस्तके. 1584 मध्ये विटेनबर्गला युरी दाल्मातिनचे संपूर्ण बायबल छापले गेले आणि त्याच वर्षी आदाम बोहोरिचचे लॅटिनमधून लिहिलेले पहिले व्याकरण आले. पुढे प्रोटेस्टंट पंथाविरुद्धच्या कॅथलिक मोहिमेत, म्हणजे प्रतिसुधारणेत, बिशप तोमाझ ह्रेनच्या काळात प्रोटेस्टंट पुस्तके जाळली गेली, पण दाल्मातिनचे बायबल वापरण्याची परवानगी कॅथलिक धर्मगुरूंसाठी मिळवली गेली, आणि म्हणून लेखनाची परंपरा तुटली नाही. या एका निर्णयाचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच आहे.

या काळातील पाने वाचण्यासाठी बोहोरिचची वर्णमाला शिकावी लागते. तीत लांब ‘एस’ (ſ) म्हणजे आपला ‘स’ आणि आखूड ‘एस’ म्हणजे जवळजवळ ‘जोर’मधला ज. ‘झेड’ म्हणजे ‘चाक’मधला च, तर ‘झेड’पुढे ‘एच’ आला की ‘चित्र’मधला च. मराठी कानाला हे दोन्ही च उपजत वेगळे ऐकू येतात, त्यामुळे हा टप्पा आपल्याला सोपा जातो. फ्रांत्स मेतेल्को या व्याकरणकाराने 1825 मध्ये नवी अक्षरे सुचवल्यावर मोठा वाद पेटला, 1833 मध्ये ती शाळांतून काढली गेली आणि 1840च्या दशकात आजची, डोक्यावर खूण असलेल्या अक्षरांची लिपी रूढ झाली.

एकोणिसाव्या शतकासाठी येर्नेय कोपितारचे व्याकरण, फ्रांत्से प्रेशेरेनच्या कविता आणि 1848ची ‘संयुक्त स्लोव्हेनिया’ची, म्हणजे सर्व स्लोव्हेन प्रदेश एका प्रांतात आणण्याची, मागणी एकत्र पाहावी. प्रेशेरेनचा स्मृतिदिन, 8 फेब्रुवारी, आज देशाचा सांस्कृतिक सुटीचा दिवस आहे आणि त्याच्याच कवितेचे एक कडवे राष्ट्रगीत आहे. जनगणनेचे आकडे मात्र पारखून घ्यावेत. 1880 ते 1910 या काळात ऑस्ट्रियन गणक मातृभाषा विचारत नसत, ‘व्यवहारभाषा’ विचारत. त्यामुळे जर्मनभाषक घरात काम करणारी स्लोव्हेन मोलकरीण सहज जर्मन म्हणून नोंदली जाई. ट्रिएस्टच्या 1910च्या मोजणीची तर फेरतपासणी करावी लागली आणि स्लोव्हेनभाषकांचा आकडा वर गेला.

विसाव्या शतकात भाषेवरचे आघात तारखेनिशी नोंदवावेत. ऑस्ट्रिया की नवे युगोस्लाव्ह राज्य, हे ठरवणाऱ्या 10 ऑक्टोबर 1920च्या कारिंथियातील सार्वमतात सुमारे 59 टक्के मते ऑस्ट्रियाच्या बाजूने पडली आणि त्यात अनेक स्लोव्हेनभाषकांचीही मते होती. म्हणजे भाषा आणि राजकीय कौल एकच असतील असे गृहीत धरू नये. इटलीच्या वाट्याला आलेल्या भागात फॅसिस्ट राजवटीने स्लोव्हेन शाळा बंद करून आडनावे बदलायला लावली आणि 1941 नंतर जर्मन ताब्यातील स्टिरियात शिक्षक व धर्मगुरूंना हद्दपार केले गेले. स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियात असताना 1988 मध्ये लुब्लियानातच चाललेला लष्करी खटला सर्बो-क्रोएशियन भाषेत चालवला गेला, तेव्हा उसळलेला संताप 1991च्या स्वातंत्र्याकडे नेणाऱ्या कारणांपैकी एक ठरला.

वाचनाबरोबर थोडी भाषाही शिकावी. संस्कृतात असलेले आणि मराठीत न उरलेले द्विवचन स्लोव्हेनमध्ये रोजच्या बोलण्यात जिवंत आहे: एक लांडगा ‘वोल्क’, दोन ‘वोल्कोवा’, तीन ‘वोल्कोवी’ आणि पाचांपासून पुढे ‘वोल्कोव’. एकवीस मोजताना आपल्यासारखाच आधी एक आणि मग वीस येतो. शब्दांसाठी ‘फ्रान’ हे कोशांचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. तिथे आधुनिक अर्थ पाहून न थांबता त्याच पानावरची 1894-95च्या प्लेतेर्श्निकच्या स्लोव्हेन-जर्मन कोशातील नोंदही वाचावी, कारण शब्द कोणत्या भागात आणि कोणाच्या लेखनात आढळला हे बरेचदा तीच सांगते.