गाईवर फवारे मारून माश्या हटत नाहीत: गोठ्यातल्या या चुका टाळा

दूध काढताना गाय सारखी पाय आपटते, लाथ झाडते, बादली कलंडते. आणि मालक म्हणतो, ‘गाय द्वाड झाली.’ पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या गोठ्यांत हे नेहमीचंच. गाईला बोल लावण्याआधी तिच्या पायांवर बसलेली माशी नीट पाहा. दिसायला घरमाशीच, पण सुईसारखी सोंड सरळ पुढे आलेली असेल तर ती चावरी माशी. नर-मादी दोघंही रक्त पितात आणि पोट भरलं की भिंतीवर, खांबावर जाऊन बसतात.

म्हणून गाईच्या पाठीवर औषध ओतून फारसं साधत नाही. माशी चावते मुख्यतः पायांना, आणि बराच वेळ ती गाईवर नसतेच.

खरी चूक गव्हाणीखाली असते. शेण रोज उचलतात, गोठा धुतात, पण गाईने टाकलेला पेंढा कोपऱ्यात सारून ठेवतात. मूत-शेण मिसळून कुजणारा हा पेंढा म्हणजे या माशीचं बाळंतघर. सांडलेला ओला चोथाही तसाच. जून ते सप्टेंबर तो वाळायचं नाव घेत नाही. उबदार हवेत अंड्याची माशी व्हायला साधारण 2 ते 3 आठवडे पुरतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी गव्हाणीखालचा आणि भिंतीकडेचा थर खरवडून काढा. ऊन असेल तर पातळ पसरून वाळवा. नसेल तर खताच्या ढिगात मधोमध घाला आणि ढीग प्लास्टिकने घट्ट झाका; आतल्या उष्णतेने अळ्या मरतात.

एवढं केल्यावरच फवारणीला अर्थ आहे. भाजीवर मारायचं कीटकनाशक जनावरावर मारू नका. डेल्टामेथ्रीनसारखं औषध पशुवैद्याला विचारून, सांगितलेल्या मात्रेतच वापरा. त्याचं धुवण खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) किंवा तळ्यात गेलं तर मासे मरतात; नुस्त्याशिवाय जेवण न जाणाऱ्या गोंयकाराला याहून जास्त काय सांगायचं!

माश्या पळवायला दारं-खिडक्या लावून नारळाच्या सोडणांचा धूर करणं वासरांच्या छातीला बाधतं. त्यापेक्षा पंखा लावा.

मोठी गोमाशी मात्र वेगळी. ती ओहोळाकाठच्या, पाणथळ चिखलात वाढते. गोठा कितीही झाडला तरी येणारच. पण ती सहसा सावलीच्या गोठ्यात शिरत नाही, म्हणून भर दुपारी जनावरं आत बांधा. एकीचं रक्त पिताना हाकलली की ती लगेच दुसरीवर बसते आणि सर्रा या रक्तातल्या रोगाचे परजीवी पसरवते. ताप येऊन-जाऊन असेल, चारा खाऊनही जनावर झडत असेल, हिरड्या फिक्या दिसत असतील तर नुसतं तापाचं इंजेक्शन देऊन वेळ काढू नका. रक्ताचा नमुना ताप चढलेला असतानाच घ्यायला सांगा. उतरल्यावर परजीवी सापडतीलच असं नाही.