एअर पिस्तूल नवीन धरलंय? आधी रिकामी प्रॅक्टिस करा

आपल्याकडे जळगाव-भुसावळ साइडची बरीच पोरं एनसीसीत पॉइंट टू टू रायफलने झोपून फायर करतात, ग्रुप, म्हणजे टार्गेटच्या कार्डावरच्या भोकांचा पुंजका, जरा बरा आला की वाटतं झालो शूटर, आणि मग 10 मीटरचं एअर पिस्तूल एका हाताने, उभं राहून धरलं की सगळी हवा निघते. कार्डावरचा दहा गुणांचा गोल फक्त 11.5 मिलिमीटरचा असतो भाऊ.

छर्रे जास्त फोडले की स्कोर वाढतो असं सगळ्यांना वाटतं. मला नाही पटत. सुरुवातीला निम्म्याहून जास्त प्रॅक्टिस ड्राय करा, म्हणजे छर्रा न भरता पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) बॅक साइटच्या (मागच्या पट्टीच्या) खाचेत बरोबर मधे आणि लेव्हलला ठेवायची, नजर फक्त फ्रंट साइटवर, आणि ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा. ट्रिगर सुटतो त्या क्षणाला साइट कुठे सरकली ते बघायचं. उजव्या हाताने मारणाऱ्याची बहुतेक वेळा डावीकडे खाली जाते, म्हणजे बोटाने झटका दिला. छर्रा मारताना हे दिसत नाही, आपलं सगळं लक्ष कार्डावर असतं ना. फक्त आधी पिस्तूल रिकामं आहे का ते बघा, दरवेळी बघा, आणि स्प्रिंगवालं असेल तर छर्र्याशिवाय मारूच नका, पिस्टनची वाट लागते.

दुसरं म्हणजे होल्ड, म्हणजे पिस्तूल उचलून नेम धरून ठेवणं. आठ-दहा सेकंदात शॉट गेला नाही तर हात खाली घ्यायचा, परत उचलायचा. नवीन पोरांना हेच जमत नाही, ओढूनताणून मारतात. मॅचमध्ये 60 शॉट 75 मिनिटांत मारायचे असतात, वेळ भरपूर असतो.

ग्रुप पसरलेला असताना नेम सरकवायला साइटचे स्क्रू क्लिक-क्लिक फिरवत बसू नका, आधी ग्रुप एका जागी येऊ द्या.

2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, तो रेल्वेतला, त्यामुळे भुसावळात आईबापांना लगेच नोकरी दिसायला लागते. दिसू द्या, पण पोराला पहिल्याच वर्षी मेडल विचारू नका.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी प्रॅक्टिस म्हणजे वेडेपणा, ग्रिप घामाने सटकते, सकाळी सकाळी उरकून घ्या. आणि छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.