पालकसभेला जाताना वही सोबत घ्या

"कसा आहे आमचा?" पालकसभेत सगळ्यात जास्त ऐकू येणारा हा प्रश्न. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." शिक्षक म्हणून टेबलापलीकडे बसून मी हे उत्तर इतक्या वेळा दिलंय की आता माझं मलाच हसू येतं. समोर नुसतं प्रगतिपुस्तक असलं की बोलणं याच्या पुढे सरकत नाही. तिथे फक्त निकाल असतो. तो तसा का लागला, हे बघायला वही, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि हजेरी लागते.

आठवडाभर आधी: एकच विषय निवडा

सगळ्या विषयांचं दप्तर उपसू नका. ज्या विषयाची काळजी वाटते, त्याची वर्गपाठाची वही आणि शेवटच्या दोन-तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका काढा. उत्तरपत्रिका घरी येत नसतील, तर "सभेच्या वेळी बघायला मिळतील का?" असं डायरीत लिहून पाठवा. आयत्या वेळी मागितल्या की कपाट उघडण्यातच तुमची दहा मिनिटं जातात.

गुण झाका, चुका वाचा

खरं काम इथे आहे. समजा, वजाबाकीच्या चाचणीत ही उत्तरं दिसली:

52 − 27 = 35
64 − 38 = 34
403 − 178 = 375

तिन्ही चूक. शेजारी लाल पेनात शेरा, "सराव करा." पण नीट बघा. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून मुलाने सरळ 7 मधून 2 काढले. पुढच्या गणितात 8 मधून 4, त्यापुढच्यात 8 मधून 3 आणि 7 मधून 0. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. याला धांदरटपणा म्हणता येत नाही. पोरगं एक नियम इमानदारीने पाळतंय, फक्त तो नियम चुकीचा आहे. हातचा घेणं त्याला समजलेलंच नाही. अशी आणखी पन्नास गणितं घातलीत तर चुकीचाच नियम पक्का होईल. हे पान सभेला न्या, खूण करून.

भाषेच्या वहीतही तसंच. शुद्धलेखन सगळीकडे सारखं चुकतं, की फक्त श्रुतलेखनात? फळ्यावरून उतरवलेलं बरोबर आणि ऐकून लिहिलेलं चूक असेल, तर अडचण कुठे शोधायची ते कळतं. उलटं असेल, म्हणजे फळ्यावरचंच चुकत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या.

तारखा हजेरीशी जुळवा

महिन्याला दोन खाडे म्हणजे काहीच नाही असं वाटतं. दहा महिन्यांत ते वीस होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कोणत्या दिवशी पडले. भागाकार सुरू झाला त्याच आठवड्यात ताप आला असेल, तर वहीत तिथेच पानं कोरी किंवा दुसऱ्याच्या वहीतून घाईघाईने उतरवलेली दिसतील.

गुणांबद्दल एवढंच, की वीस गुणांच्या चाचणीत 16 चे 14 झाले, तर टक्केवारी 80 वरून 70 वर येते. घरात केवढा गहजब! प्रत्यक्षात दोन गुणांचा एक प्रश्न चुकलेला असतो. एका चाचणीवरून घसरण ठरवू नका, तीन तरी बघा.

मुलाला आधी विचारा

चुकलेलं एक गणित समोर ठेवा आणि म्हणा, "हे कसं केलंस, मला सांग." "का चुकलं?" असं विचारलंत की तोंड बंद. सभेत काय बोलणार आहात तेही त्याला सांगून ठेवा. पाठीमागे तक्रार केली असं त्याला वाटायला नको.

सभेत

बसल्या बसल्या वही उघडा. "बाई, या पानावर तो इथे अडलाय. वर्गातही असंच दिसतं का?" एवढं म्हटलंत की शिक्षकही त्याच पानावर येतात. "लक्ष नसतं" असं उत्तर आलं, तर कोणत्या तासाला, कुठे बसलेला असताना, लिहिताना की ऐकताना, हे विचारा. घरी दिसतं तेही सांगा: गृहपाठाला किती वेळ लागतो, कोण मदत करतं. आईने सोडवून दिलेली गणितं असतील तर ती कबूल करा, नाहीतर शिक्षक चुकीच्या पुराव्यावर विश्वास ठेवून बसतात.

दुसऱ्या मुलांचे गुण विचारू नका. सांगणं योग्यही नाही. वर्गाची सरासरी मात्र विचारा. पेपरच अवघड होता की आपलं मूल अडलं, हे त्यावरून कळतं.

उठण्याआधी

एकच गोष्ट ठरवा. उदाहरणार्थ, घरी रोज हातच्याची चारच गणितं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सुटे करून. शाळेत बाई आठवड्यातून एकदा दोन गणितं समोर बसवून करून घेतील. वहीच्या शेवटच्या पानावर हे दोन ओळींत लिहा, खाली तीन आठवड्यांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी याच तीन वजाबाक्या मुलाला कोऱ्या कागदावर पुन्हा करायला द्या, आणि तो कागद जुन्या उत्तरपत्रिकेला टाचून ठेवा.