टू-डी फिजिक्स इंजिन लिहायचंय? आधी कॅरम खेळवून बघा

अंधेरीतल्या एका गेम स्टुडिओत मी प्रोग्रामर आहे. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचे डेमो बघायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. नव्वद टक्के वेळा उड्या मारणारा हिरो! दिसायला झकास, पण उडी हाताला बरी लागावी म्हणून त्यात गुरुत्वाकर्षणाचे आकडे सोयीने फिरवलेले असतात. मग इंजिन, म्हणजे वस्तूंची हालचाल आणि टकरा हिशेबाने ठरवणारा कोड, बरोबर आहे की नाही, कळणार कसं?

माझं ऐकाल तर पहिलं इंजिन कॅरमसाठी लिहा. सगळ्या वस्तू गोल, गुरुत्वाकर्षणाची भानगड नाही, आणि कट चुकीचा गेला तर चाळीतलं कुठलंही पोर तुम्हाला तोंडावर सांगेल.

गणित बारावीचंच. दोन केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की टक्कर. केंद्रं जोडणाऱ्या रेषेवरचा सापेक्ष वेग घ्या, त्याला १ अधिक रेस्टिट्यूशनने (टक्करीत किती उसळी राहते ते सांगणारा ० ते १ मधला आकडा) गुणा, दोन्ही वस्तुमानांच्या व्यस्तांच्या बेरजेने भागा. हा इम्पल्स, म्हणजे टक्करीचा धक्का, एकाला पुढे, दुसऱ्याला मागे. वस्तुमानाऐवजी त्याचा व्यस्तच साठवा. चौकटीसाठी तो शून्य ठेवला की तेच सूत्र तिथेही चालतं.

खरी मारामारी वेळेशी आहे. स्ट्रायकर सेकंदाला ३ मीटर वेगाने सुटला असं धरा. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका फ्रेमला तो ५ सेंटिमीटर सरकतो. स्ट्रायकर आणि सोंगटीच्या त्रिज्या मिळून होतात जेमतेम ३.६ सेंटिमीटर. म्हणजे आत्ता सोंगटीच्या अलीकडे असलेला स्ट्रायकर पुढच्या फ्रेमला तिच्या केंद्रापलीकडे! टक्करीची दिशा उलटी निघते आणि सोंगटी मागे सरकते. बारीक कट तर सापडतच नाही. यावर सोपा इलाज म्हणजे फिजिक्सचं पाऊल, म्हणजे एका हिशेबामागचा वेळ, फ्रेमपेक्षा वेगळं आणि ठरलेलं ठेवायचं, सेकंदाला २४० पावलं. एका फ्रेममध्ये जेवढा वेळ गेला तेवढी पावलं चालवा, उरलेला वेळ पुढच्या फ्रेमसाठी राखून ठेवा. जुन्या फोनवर आणि भारी लॅपटॉपवर शॉट सारखाच बसतो.

घर्षणासाठी दर फ्रेमला वेग ०.९८ ने गुणायची युक्ती सर्रास दिसते. त्याने सोंगटी शेवटी मुंगीसारखी रांगत राहते. बोर्डावर घसरणाऱ्या सोंगटीचा वेग दर सेकंदाला साधारण सारखाच घटतो. तेवढा वजा करा आणि शून्याखाली जाऊ देऊ नका. बोरिक पावडर जास्त, तर हा आकडा लहान.

१९ सोंगट्या आणि स्ट्रायकर, म्हणजे १९० जोड्या. एवढ्यासाठी जवळच्या जोड्या शोधायला ग्रिडबिड काही नको. ब्रेकच्या वेळी मात्र सोंगट्या एकमेकींना चिकटून असतात, एका फेरीत धक्का बाहेरच्या कड्यापर्यंत पोचत नाही. त्याच पावलात सगळे संपर्क आठ-दहा वेळा सोडवा.

पुढची पायरी म्हणजे चौकोन, त्यांचं फिरणं आणि एकावर एक रचलेले खोके. तिथे बॉक्सटूडी या टू-डी फिजिक्स इंजिनाचे कर्ते एरिन कॅटो यांनी २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्ससाठी लिहिलेला बॉक्सटूडी-लाइटचा छोटा कोड ओळ न् ओळ वाचा. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या टू-डी फिजिक्सखाली बॉक्सटूडीच आहे, त्यामुळे नोकरीतही हे कामी येतं. डेमो दाखवताना एक बटण स्लो मोशनचं ठेवा, आणि एक टक्करीच्या रेषा दाखवणारं. मी आधी तीच दाबून बघतो.